फार्मासिस्ट दुकानात, की पडद्यावर?

परंडा, भूम, करमाळा, बार्शी या पट्ट्यात औषधाच्या दुकानाला कुणी औषधाचे दुकान म्हणत नाही. ते ‘मेडिकल’. राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, मेडिकलच्या काउंटरमागे बहुतेक वेळा विशी-बाविशीतला एक मुलगा उभा असतो. तो डॉक्टरांची चिठ्ठी घेतो, अक्षर लावतो, फळीवरचा डबा काढतो, हव्या तेवढ्या गोळ्यांचा पत्ता कात्रीने कापतो, कागदी पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करतो आणि ‘जेवणानंतर’ असे सांगून पैसे घेतो. मागे भिंतीवर चौकटीत दुकानाचा परवाना लावलेला असतो, शेजारी फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावरचा माणूस त्या घटकेला दुकानात आहे का, हा महाराष्ट्रातला जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न. त्याला आता नवा फाटा फुटला आहे: फार्मासिस्ट दुकानात नाही, पण व्हिडिओवर आहे आणि तिथून त्या मुलाच्या कामावर नजर ठेवतो आहे, तर चालेल का?

अमेरिकेत याचे उत्तर ‘चालेल’ असे पहिल्यांदा दिले ते नॉर्थ डकोटा राज्याने. विस्तीर्ण, कडाक्याच्या थंडीचे, विरळ वस्तीचे ते राज्य. छोट्या गावांतली औषधाची दुकाने एकामागून एक बंद पडत होती, कारण निवृत्त होणाऱ्या फार्मासिस्टच्या जागी यायला कुणी तयार नव्हते. 2001 च्या सुमारास राज्याने नियम बदलून फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर नसलेल्या दुकानाला वाट करून दिली आणि 2002 पासून नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या सहभागाने, अमेरिकी केंद्र सरकारच्या अनुदानावर ती योजना उभी राहिली. गावातल्या दुकानात एक प्रशिक्षित, नोंदणी झालेला फार्मसी टेक्निशियन असतो. तो चिठ्ठी संगणकात घालतो, मूळ बाटली काढतो, गोळ्या मोजतो, डबीवर लेबल लावतो. चिठ्ठी, मूळ बाटली आणि भरलेली डबी, तिन्हींची चित्रे दूरच्या मुख्य दुकानातल्या फार्मासिस्टपुढे जातात. त्याने तपासून होकार दिला की मगच औषध काउंटरवर येते. त्यानंतर रुग्ण आडोशाच्या जागी बसतो आणि पडद्यावरचा फार्मासिस्ट त्याला औषध कसे घ्यायचे ते समजावतो.

या व्यवस्थेच्या अटी मला तिच्या यंत्रांपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. जोडणी तुटली तर दुकान बंद समजायचे. फार्मासिस्टने ठरावीक काळाने स्वतः तिथे जाऊन साठा आणि नोंदी तपासायच्या. पुढे आयोवा राज्याने 2016 मध्ये असा कायदा केला तेव्हा साधारण 10 मैलांच्या आत दुसरे औषधाचे दुकान नसावे, अशी अट घातली. जिथे फार्मासिस्ट पोचतच नाही तिथेच ही सोय, हा त्यामागचा विचार. शिवाय टेक्निशियन हा तिथे कायद्याला ठाऊक असलेला माणूस आहे. अमेरिकेत त्याच्या परीक्षेसाठी 1995 पासून स्वतंत्र मंडळ आहे. ब्रिटनमध्ये 2011 पासून नोंदणीशिवाय कुणाला स्वतःला फार्मसी टेक्निशियन म्हणवून घेता येत नाही. डिसेंबर 2023 मध्ये ब्रिटिश सरकारने देखरेखीचे नियम सैल करण्याचा प्रस्ताव चर्चेला ठेवला, तेव्हाही मुख्य काम सोपवायचे ते या नोंदणीकृत टेक्निशियनकडे, हे गृहीत होते.

आपल्याकडे पहिली अडचण इथेच येते. भारतात ‘फार्मसी टेक्निशियन’ नावाचा कुणी कायद्याला माहीतच नाही.

फार्मसी कायदा मार्च 1948 चा. तेव्हा परंडा अजून निजामाच्या राज्यात होते. मराठवाडा मुक्त व्हायला सहा महिने बाकी होते. या कायद्याचे कलम 42 सांगते की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून किंवा काढून देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करायचे. ते मोडले तर पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होता. 2023 च्या जन विश्वास कायद्याने कैद तीन महिन्यांवर आणली आणि दंड दोन लाखांपर्यंत नेला. दुसरीकडे 1945 च्या औषध नियमांतला नियम 65 म्हणतो की चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या वैयक्तिक देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. ‘वैयक्तिक देखरेख’ हे दोन शब्द या सगळ्या वादाच्या मुळाशी आहेत. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एका छताखालची माणसे होती. दुसरे काही संभवतच नव्हते. व्हिडिओवरची देखरेख वैयक्तिक मानावी असे म्हणणारा नियम त्यानंतर झालेला नाही. निरीक्षक तपासणीला आला आणि फार्मासिस्ट दुकानात दिसला नाही, तर तो गैरहजर. मोबाइलवर त्याचा चेहरा दाखवून काही उपयोग नाही.

याच नियमात एक तपशील आहे, तो औषधविक्रेत्यांनाही फारसा आठवत नाही. दुकानाच्या पाटीवर कुणी काय लिहायचे हे नियम 65 ने ठरवून दिले आहे. ज्याच्याकडे फार्मासिस्ट आहे त्याने ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ लिहायचे. ज्याच्याकडे फार्मासिस्ट आहे आणि औषधे मिसळून तयार करण्याचीही सोय आहे त्याने ‘फार्मसी’. आणि ज्या दुकानाला फार्मासिस्टची गरजच नाही त्याने ‘ड्रगस्टोअर’. म्हणजे अमेरिकेत साध्या बोलण्यात जो शब्द औषधाच्या दुकानाला वापरतात, तो आपल्या कायद्यात फार्मासिस्ट नसलेल्या, निवडक औषधांच्या मर्यादित परवान्याच्या दुकानासाठी राखून ठेवला आहे. त्याखाली आणखी एक पायरी आहे. हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या गावात पॅरासिटामॉल, बाम, मलम, कापूस, बँडेज अशा ठरावीक घरगुती वस्तू विनापरवाना विकायची सूट आहे. थोडक्यात, दूरच्या गावाला औषध मिळाले पाहिजे आणि प्रत्येक गावात फार्मासिस्ट नेता येत नाही, हे आपल्या नियमकर्त्यांना फार आधीपासून कळत होते. सूट कुठल्या औषधाला आणि किती, यावर त्यांनी विचार केला होता. विचार केला नाही तो औषध हातात घेऊन देणाऱ्या मदतनिसाचा.

खरे तर हा मदतनीस आपल्या ओळखीचा. त्याचा पूर्वज म्हणजे कंपाउंडर. डॉक्टर आतल्या खोलीत, कंपाउंडर छोट्या खिडकीमागे, आणि मिक्श्चरच्या बाटलीला चिकटवलेली, डोसाच्या खुणांसाठी कातरलेली कागदाची पट्टी. साठीच्या पुढच्या माणसांना ती चव अजून आठवत असेल. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या औषध चौकशी समितीने 1930-31 मध्ये देशभरचा औषधांचा कारभार पाहिला, तेव्हा औषध बनवणारे आणि देणारे बहुतांश हात अशिक्षित आहेत हे तिच्या ध्यानात आले. त्यातून आधी 1940 चा औषध कायदा आणि मग फार्मसी कायदा उभा राहिला. कंपाउंडर कायद्यातून गेला. दुकानातून मात्र तो गेला नाही. ‘मेडिकलवरचा मुलगा’ होऊन राहिला. त्याला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, नोंदणी नाही. पण चिठ्ठी वाचायची त्यानेच. त्या मुलांविषयी मला आदर आहे. अनेकजण दहा-दहा वर्षे उभे राहून शिकलेले असतात आणि कुठल्या डॉक्टरांच्या कुठल्या रेघेचा अर्थ काय हे त्यांना पाठ असते. मात्र त्यांच्या चुकीला कायद्याने नाव नाही आणि त्यांच्या कौशल्यालाही नाही. नाव नसलेल्या माणसावर कॅमेऱ्यातून देखरेख करायची म्हणजे नेमकी कुणावर?

महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा हिमतीने हातात घेतला होता. 2011 नंतर महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर हवा, चिठ्ठीशिवाय औषध नको, बिल द्यायलाच हवे, या तीन साध्या गोष्टींचा आग्रह धरला गेला. तपासण्या झाल्या, हजारो परवान्यांवर कारवाई झाली. जगन्नाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखालच्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेने कडाडून विरोध केला आणि डिसेंबर 2013 मध्ये राज्यात बंदची हाक दिली. इतके फार्मासिस्ट आणायचे कुठून, हा दुकानदारांचा सवाल होता. त्या सवालात तथ्य होते का?

मला वाटते, संख्येपुरते नव्हते. डी.फार्म दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर 500 तासांचे प्रशिक्षण, बी.फार्म चार वर्षांचा. या अभ्यासक्रमांची महाविद्यालये राज्यात गावोगाव झाली आहेत. मुले शिकून बाहेर पडतात आणि त्यांना दिसते की मेडिकलमध्ये दिवसाचे बारा तास उभे राहून मिळणारा पगार एखाद्या कंपनीच्या प्रतिनिधीपेक्षाही कमी आहे. मग कुणी प्रमाणपत्र एखाद्या दुकानाला महिन्याच्या ठरावीक रकमेवर देऊन टाकतो आणि स्वतः दुसरीकडे नोकरी धरतो. प्रमाणपत्र भाड्याने देणे, असा सरळ शब्दप्रयोग या व्यवसायात रूढ आहे, इतके ते सर्रास आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या एका प्रकरणात बजावले की नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय रुग्णालये आणि दवाखाने चालू देणे म्हणजे नागरिकांच्या आरोग्याशी खेळ. नॉर्थ डकोटात फार्मासिस्टच कमी होते. आपल्याकडे माणसे आहेत, त्यांना दुकानात बसवणारा पगार नाही. तिथला उपाय आपल्या दुखण्याला जसाच्या तसा लावला, तर भाड्याच्या प्रमाणपत्राला पडदा आणि कॅमेऱ्याची राजमान्यता मिळेल. एक फार्मासिस्ट पुण्यात बसून वीस दुकानांच्या खिडक्या उघडून ठेवील आणि प्रत्यक्षात एकीतही पाहणार नाही. ही भीती मी हलक्याने घेत नाही.

असे असूनही मी कॅमेऱ्याला सरसकट विरोध करणार नाही, कारण दुरून देखरेखीचे दोन तुकडे आपल्याकडे आधीच येऊन बसले आहेत. एक म्हणजे सीसीटीव्ही. नशेसाठी होणाऱ्या औषधविक्रीला आळा घालायला राज्यातल्या अनेक जिल्हाधिकाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत मेडिकलमध्ये कॅमेरे सक्तीचे केले. दुसरा तुकडा अधिक बोलका आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनीत उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवतो, दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर गाठ घालून देतो, सल्ला येतो आणि औषध त्याच केंद्रातून दिले जाते. सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांना औषधे देण्यासाठी नियमांच्या परिशिष्ट ‘के’ मध्ये सूट आहे. म्हणजे ‘तज्ज्ञ पडद्यावर आणि औषध देणारा हात गावात’ ही रचना सरकारने स्वतःच्या केंद्रासाठी मान्य केली आहे. तिथला हात मात्र शिकलेला आहे: नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी आणि त्यावर सहा महिन्यांचा खास अभ्यासक्रम. खासगी मेडिकलमधल्या मुलाला यातले काहीच दिलेले नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे पाहू. परंड्याचा रुग्ण मोठ्या आजाराला बहुधा बार्शी गाठतो. तिथे जगदाळे मामा हॉस्पिटल आहे, नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे. तो एसटीने परत येतो, महिन्याची औषधे संपतात आणि मग तीच चिठ्ठी घेऊन गावातल्या मेडिकलमध्ये उभा राहतो. समजा, त्या चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट आहे. सांधेवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. जगभर हे घडले आहे. पाकिटावर सकाळची खूण करताना मुलाच्या हाताला सवय रोजची. इथे पडद्यावरचा फार्मासिस्ट नक्की उपयोगी पडेल. चिठ्ठी आणि गोळ्या त्याने पाहिल्या तर तो थांबवील, वार विचारील, ‘फक्त रविवारी’ असे मोठ्या अक्षरात लिहून घेईल.

इन्सुलिनचे उदाहरण याहून बोलके. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटचे, पेनचे काडतूस 100 युनिटचे. सिरिंजही वेगळी: 40 ची लाल टोपणाची, 100 ची केशरी. कुपी 40 ची आणि सिरिंज 100 ची गेली, तर दहाच्या रेघेवर प्रत्यक्षात चारच युनिट शरीरात जातात. उलट झाले तर अडीचपट. टोपणाचा रंग कॅमेऱ्यात दिसतो, म्हणजे ही चूक दुरून पकडता येते. पण तीच कुपी रात्रभर दोन ते आठ अंशांत राहिली होती का, की वीज गेल्यावर फ्रिज दुपारपर्यंत तापला, हे कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी फ्रिजमध्ये तापमान नोंदवणारे यंत्र हवे आणि ती नोंद वाचणारा माणूस हवा. कापलेल्या पत्त्याचेही तसेच. अमेरिकेतली तपासणी मूळ बाटली आणि लेबल लावलेल्या डबीच्या चित्रावर उभी आहे. आपण चार गोळ्यांचा तुकडा कापून देतो, त्यावर कधी बॅच क्रमांक नसतो, कधी मुदतीची तारीख. 1 ऑगस्ट 2023 पासून जास्त खपाच्या तीनशे औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइलने तो वाचता येतो, पण पूर्ण वेष्टन हातात असेल तरच. दुरून देखरेख करायची तर आधी ही कात्री बाजूला ठेवावी लागेल.

आणि बोलणे? काउंटरवर चार माणसे खेटून उभी असताना बाई पाळी लांबवण्याच्या गोळीबद्दल विचारणार नाही, पुरुष क्षयाच्या औषधाचे नाव मोठ्याने घेणार नाही. पडद्यावरच्या परक्या चेहऱ्याशी तर मुळीच नाही. औषध दुकानाला कायद्याने किमान दहा चौरस मीटर जागा लागते आणि बहुतेकांची त्याच्या आसपासच असते. त्यात आडोसा काढायचा तर फळ्या हलवाव्या लागतील. शिवाय ते बोलणे नोंदवले गेले तर ते 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. उलट मेडिकलमधला मुलगा परंड्याचा असतो, आजीला नावाने ओळखतो, ती मराठवाडी बोलीत काय सांगते ते त्याला कळते. पडद्यावरच्या माणसाला तिचे बोलणे कळले पाहिजे, ही अट मी नियमात लिहून घेईन.

जोडणी तुटली तर दुकान बंद, या अटीकडे इथे परत यावे लागते. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला, परंडा तालुक्यातल्या गावांना पाण्याने वेढा घातला आणि माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. अशा दिवसांत वीज जाते, मोबाइलचे मनोरे गप्प होतात, आणि नेमकी तेव्हाच रक्तदाबाची, मधुमेहाची, मिरगीची गोळी हवी असते. नॉर्थ डकोटाचा नियम इथे शब्दशः पाळला तर औषध असलेले दुकान कुलपात राहील. न पाळला तर देखरेख नावापुरती. यातून वाट आहे: चालू चिठ्ठीवरची नेहमीची औषधे, तीन दिवसांपुरती, लेखी नोंदीसह देण्याची मुभा; पण परिशिष्ट ‘एच-1’ मधली प्रतिजैविके आणि झोपेची औषधे अशा वेळीही नाहीत. एच-1 यादी 1 मार्च 2014 पासून लागू आहे. तिच्यातल्या प्रत्येक विक्रीची वेगळी वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपायची असते.

या वहीवरून एक गोष्ट सुचते आणि तीच मला व्हिडिओच्या बाजूची सर्वांत सबळ वाटते. वहीत सही आधी करून ठेवता येते. दुरून तपासणीच्या प्रत्येक होकारावर मात्र वेळ, ठिकाण आणि औषधाचे चित्र उमटते. माशेलकर समितीने 2003 मध्ये दर दोनशे विक्री दुकानांमागे एक औषध निरीक्षक असावा असे सुचवले होते. ती संख्या गाठणे आजही जड आहे. निरीक्षक वर्षातून एकदा येणार, पण अशी नोंद त्याला 365 दिवसांची हजेरी दाखवील. एकच फार्मासिस्ट एकाच मिनिटाला चार गावांत होकार देत असेल तर तेही दिसेल. तेव्हा कॅमेरा खोट्या हजेरीचा पडदाही होऊ शकतो आणि पुरावाही. काय होईल ते नियम कोण लिहितो यावर आहे. नियम दुकानदारांच्या सोयीने लिहिले गेले तर पडदाच होईल.

ऑनलाइन विक्रीचे उदाहरण धडा म्हणून पुरेसे आहे. ऑगस्ट 2018 मध्ये ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा निघाला, त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्रीला मनाई केली, मसुदा अंतिम झालाच नाही, आणि औषधांची खोकी मात्र कुरिअरने परंड्यापर्यंत येत राहिली. नियम मागे, व्यवहार पुढे. व्हिडिओ देखरेखीचे तसे होऊ द्यायचे नसेल तर क्रम पाळावा लागेल. आधी मदतनिसाला नाव, वर्षभराचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि नोंदणी. त्यानंतर दुरून देखरेख, तीही अंतराच्या अटीवर: भामरागड, धडगाव यांसारख्या दुर्गम भागांत दिवसभर, परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी फक्त रात्रीपुरती आणि फार्मासिस्टच्या रजेच्या दिवशी. दिवसा तालुक्याच्या बाजारपेठेत फार्मासिस्ट दुकानातच हवा. त्याचा पगार परवडत नाही असे म्हणणाऱ्या दुकानाला मी सवलत देणार नाही. डॉक्टर परवडत नाही म्हणून तिथे कुणी खासगी दवाखाना कॅमेऱ्यावर चालवत नाही.

हे सगळे व्हायचे तेव्हा होईल. तोवर वाचकांना एक विनंती. मेडिकलमध्ये चिठ्ठी देताना ‘फार्मासिस्ट कोण आहेत?’ एवढे विचारा. 2015 च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी औषधाची माहिती समजावून सांगणे हे त्यांचे कर्तव्य ठरवले आहे. बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेले बिल घ्या. आणि घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर आज रात्रीच कुपीवरचा आकडा आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग जुळतो का ते पाहा.